घरबसल्या कमाई : ती थोड्यांनाच का साधते?

एस. टी. स्थानकाच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर आणि आता तर प्रत्येकाच्या हातातील फोनच्या पडद्यावर एक जाहिरात वारंवार दृष्टीस पडते : ‘घरबसल्या काम करा, दरमहा चाळीस हजार रुपये मिळवा. शिक्षणाची अट नाही.’ पदवी घेऊन दोन वर्षे नोकरीच्या शोधात असलेला मुलगा ती वाचतो, मूल लहान म्हणून नोकरी सोडलेली सून ती वाचते, निवृत्तीनंतर हात रिकामे झालेले वडीलही ती वाचतात. यांपैकी बहुतेक जण शहाणे असतात. जाहिरातीत अतिशयोक्ती असणार, हे त्यांना ठाऊक असते. तथापि इंटरनेटवर काम करून पैसे मिळविणारी माणसे प्रत्यक्षात आहेत, आणि त्यांतील एखादे ओळखीचेच निघते. मग आपल्याला का जमू नये, असे मनात येते, घरातील शिलकीतून लॅपटॉप घेतला जातो, आणि वर्ष-दीड वर्षाने हिशेब मांडला तर जमेच्या बाजूस फारसे काही आढळत नाही.

असे झाले म्हणजे घरात दोष कोणाच्या पदरात पडतो, हे निराळे सांगावयास नको. ‘चिकाटी नाही’, ‘दिवसभर फोन घेऊन बसायचे आणि त्याला काम म्हणायचे’, असे टोमणे जेवणाच्या पानावर ऐकावे लागतात. आमच्या मते हा न्याय बरोबर नाही. आळशी माणसे सर्वच धंद्यांत असतात. परंतु ज्या धंद्यात कष्टाळू, हुशार आणि प्रामाणिक माणसांपैकीही बहुतेकांचे पोट भरत नाही, तेथे कारण माणसांच्या स्वभावात न शोधता बाजाराच्या घडणीत शोधावयास हवे.

जत्रेतला फड आणि फोनवरचा फड

शिकागो विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ शर्विन रोझेन यांनी १९८१ साली ‘सुपरस्टार’ म्हणविल्या जाणाऱ्या मंडळींच्या मिळकतीवर एक निबंध लिहिला. त्या वेळी इंटरनेट सामान्य माणसाच्या वापरात नव्हते. त्यांच्या डोळ्यांसमोर ध्वनिमुद्रिका, चित्रपट आणि पुस्तके होती. त्यांचा प्रश्न असा होता : दोन गायकांच्या गळ्यांत फरक थोडा असतो, मग त्यांच्या मिळकतीत एवढी तफावत का पडावी? त्यांच्या उत्तराचा मथितार्थ आपल्या मुलखातील एका उदाहरणाने चांगला ध्यानात येतो.

पुणे जिल्ह्यातील नारायणगावी दर वर्षी जत्रांच्या हंगामापूर्वी तमाशाचे फडमालक राहुट्या उभारतात, आणि गावोगावची पंचमंडळी तेथे येऊन आपल्या जत्रेची सुपारी ठरवितात. नामांकित फडाची सुपारी मोठी असते, हे उघड आहे. पण चैत्रातील एका रात्री तो फड एकाच गावी उभा राहू शकतो, आणि त्याच रात्री आणखी कितीतरी गावांच्या जत्रा असतात. म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रतीच्या फडालाही कोणते ना कोणते गाव मिळते. त्याच्या ढोलकीवाल्याच्या आणि सोंगाड्याच्या घरी चूल पेटते. येथे लहान कलावंताचे रक्षण त्याची कला करीत नाही. ते करते दोन गावांतील अंतर, आणि रात्र एकच असते ही गोष्ट.

फोनवर हे कुंपण मुळापासून उपटले जाते. तेथे उत्तम फड एकाच रात्री सर्व गावांत उभा राहतो, आणि दुसऱ्या दिवशी पाहिजे तर पुन्हा उभा राहतो. उत्तम विनामूल्य मिळत असता तिसऱ्या प्रतीचे कोण पाहणार? गुणांत आण्याचे अंतर असते; मिळकतीत मात्र ते शेकडो रुपयांचे होऊन बसते.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. जर्मनीतील ऑफेनबुर्ग येथील प्राध्यापक माथियास बेर्टल यांनी यूट्यूबच्या दहा वर्षांच्या आकडेवारीचा अभ्यास करून तो २०१८ साली प्रसिद्ध केला. एकूण जे काही पाहिले जाते, त्यातील सरासरीने ८५ टक्के भाग केवळ ३ टक्के चॅनेलांच्या वाट्यास जातो, असे त्यांना आढळले. उरलेल्या ९७ टक्क्यांनी बाकीच्या १५ टक्क्यांत आपापली वाटणी शोधावयाची.

त्यातही केवळ पाहिले जाणे पुरेसे नाही. नेहमीच्या लांबीच्या चित्रफितींवर जाहिरातींतला वाटा मिळण्यासाठी यूट्यूबने २०१८ पासून किमान १,००० सबस्क्रायबर आणि मागील बारा महिन्यांत ४,००० तासांचे प्रेक्षण अशी अट घातली आहे. चार हजार तास म्हणजे किती? एका माणसाने सरासरीने पाच मिनिटे पाहिले असे धरले, तर ४८,००० वेळा ते पाहिले जावयास हवे. तोवरच्या श्रमाचे जाहिरातींतून काही मिळत नाही. पुढे अशा चित्रफितीवरील जाहिरातीच्या शंभर रुपयांतले ५५ रुपये करणाऱ्याचे, आणि ४५ कंपनीचे. शिवाय जाहिरातीचा भाव पाहणाऱ्याच्या देशावर अवलंबून असतो. न्यूयॉर्कमधील प्रेक्षक जाहिरातदाराला जेवढ्या मोलाचा वाटतो, तेवढा नांदेडमधील वाटत नाही. मराठीत उत्तम काही करून दाखविणाऱ्याला हा भुर्दंड जन्मतःच बसलेला असतो.

काळाचाही भाग आहे. मराठी पाककृतींच्या क्षेत्रात मधुरा बाचल यांचे नाव घरोघरी झाले आहे. त्यांनी २००९ च्या सुमारास आरंभ केला, तेव्हा या वाटेने चालणारे फार थोडे होते. त्यांच्या कष्टांचे मोल यामुळे कमी होत नाही. पण त्या वेळी वाट मोकळी होती, हे विसरता येत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेट स्वस्त झाले, आणि कोट्यवधी नवे प्रेक्षक आले असा सर्वत्र आनंद झाला. ते खरेच होते. परंतु त्याच स्वस्ताईने दाखविणारेही अमाप वाढविले, आणि पाहणाऱ्याचा दिवस मात्र चोवीस तासांचाच राहिला. आज पुरणपोळी कशी करावी, हे दाखविणाऱ्या चित्रफितींची यादी खाली सरकवीत गेले तर संपत नाही. एखाद्या नव्या सुगरणीची पोळी जुन्या नामांकित पोळीहून मऊ असेलही. पण फोनवर चव लागत नाही, आणि पाहणारा वरची पहिली दोन-तीन नावे पाहून कणीक भिजवावयास उठतो.

नाक्यावरचा हिशेब

चॅनेल काढणे हा नशिबाचा खेळ आहे, आम्हाला तो खेळावयाचा नाही, आम्ही साधे काम करू, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. भाषांतर, टंकलेखन, हिशेबाच्या वह्या ठेवणे, चित्रे काढून देणे अशी कामे इंटरनेटवर मिळतात. अपवर्क, फायवर ही त्यांच्या बाजारपेठांची नावे. त्यांना बाजारपेठ म्हणण्यापेक्षा नाका म्हणणे अधिक योग्य होईल. आपल्या शहरांत सकाळी मजुरांचा नाका भरतो. गवंडी, बिगारी, रंगारी उभे असतात, मुकादम येऊन हवे तेवढे लोक घेऊन जातो. या नाक्यावर जो उभा असतो, तो तेथवर चालत किंवा लोकलने येऊ शकणारा असतो. त्यामुळे घासाघीस कितीही झाली, तरी त्या शहरात जगावयास जेवढे लागते त्याच्या फार खाली दर जात नाही. इंटरनेटच्या नाक्यावर अमरावतीची मुलगी, मनिलातील पदवीधर आणि नैरोबीतील विद्यार्थी एकाच रांगेत उभे असतात. ज्याचे घरभाडे सर्वांत कमी, तो दर ठरवितो.

आता एक हिशेब मांडून पाहू. आकडे नमुन्याचे आहेत, पण नियम खरे आहेत. अपवर्कवर कामासाठी अर्ज करावयाचा तर ‘कनेक्ट’ नावाची टोकने विकत घ्यावी लागतात, एक टोकन १५ सेंटला. एका अर्जाला दहा टोकने लागतात असे धरू. वीस अर्ज केले तेव्हा एक काम मिळाले. दोनशे टोकने गेली, म्हणजे ३० डॉलर. काम १०० डॉलरचे होते. त्यातून नाक्याच्या मालकाची दलाली वजा व्हावयाची. अपवर्कवर २०२५ पासून ती कामागणिक शून्यापासून १५ टक्क्यांपर्यंत असते. येथे दहा टक्के धरू. (फायवर सरसकट २० टक्के घेते.) हाती राहिले ६० डॉलर. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ५,१०० रुपये. आता तास मोजू. एक अर्ज नीट लिहावयास अर्धा तास, तेव्हा वीस अर्जांचे दहा तास. कामाचे पंधरा तास. एकूण पंचवीस तास, म्हणजे तासाला सुमारे २०४ रुपये पडले.

हा दर ऐकून वाचक म्हणतील, यात वाईट ते काय? तालुक्याच्या गावी तासाला दोनशे रुपये कोण देतो? त्यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे, आणि गोम नेमकी येथेच आहे. याच २०४ ला महिन्याच्या दोनशे तासांनी गुणले की जाहिरातीतील चाळीस हजार रुपये तयार होतात. गुणाकार करणाऱ्याने खोटे काही सांगितले नाही. त्याने फक्त दररोज काम मिळते असे गृहीत धरले. ते मिळत नाही. असे एकच काम त्या महिन्यात मिळाले, तर महिन्याची कमाई ५,१०० रुपये, आणि त्यातून वीज, इंटरनेट आणि लॅपटॉपचा हप्ता अजून जावयाचा आहे. वाण्याचे बिल, मुलांची फी, घरभाडे हे सारे दरमहा येते. तासाच्या चांगल्या दरावर नव्हे, तर महिन्याच्या खात्रीवर प्रपंच चालतो.

अमेझॉनच्या ‘मेकॅनिकल टर्क’ नावाच्या नाक्यावर लहान लहान कामे मिळतात. चित्रात काय आहे ते सांगणे, पावतीवरील आकडे उतरवून देणे, अशा स्वरूपाची. तेथील २,६७६ कामगारांच्या ३८ लाख कामांची नोंद तपासून संशोधकांनी २०१८ साली असा निष्कर्ष काढला की, तासाची मध्यम कमाई सुमारे दोन डॉलर पडते, आणि अमेरिकेतील केंद्रीय किमान वेतन जे सव्वासात डॉलर, त्याहून अधिक कमाई केवळ ४ टक्क्यांची होते. काम शोधण्यात गेलेला वेळ, अर्धवट सोडावे लागलेले काम आणि करून दिल्यावर नाकारले गेलेले काम यांचे कोणी काही देत नाही. कारखान्यात यंत्र बंद पडले तरी हजेरी लागते. येथे हजेरीपटच नाही.

नवख्याची अडचण निराळी. पूर्वी ज्याचे काम ग्राहकांनी वाखाणले, त्यालाच नवे काम मिळते. आणि काम मिळाल्याखेरीज वाखाणणार कोण? या पहिल्या उंबरठ्यावरच पुष्कळ जण थकतात. तो ओलांडण्यासाठी कित्येक जण पहिली दहा-पाच कामे मातीमोल किमतीत करून देतात, आणि पुढे तोच दर त्यांच्या गळ्यात पडतो.

त्यात भर पडली ती यंत्राने लिहिणाऱ्यांची. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले. त्यानंतरच्या काही महिन्यांत अशाच एका मोठ्या ऑनलाइन श्रमबाजारातील लेखनाशी संबंधित कामगारांना मिळणारी कामे सुमारे २ टक्क्यांनी आणि मासिक मिळकत सुमारे ५ टक्क्यांनी घटली, असे अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले आहे. आकडा लहान वाटतो. पण ज्यांचे काम उत्तम म्हणून नावाजलेले होते, त्यांनाही या घसरणीपासून संरक्षण मिळाले नाही, हा त्या अभ्यासातील भाग अधिक विचार करावयास लावणारा आहे.

दुसऱ्याच्या जागेवरचे दुकान

इंटरनेटवर धंदा करणारा स्वतःला मालक समजतो. जागा मात्र दुसऱ्याची असते, आणि भाडेपट्टीचा कागद नसतो. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपांवर देशाच्या सुरक्षिततेच्या कारणास्तव बंदी घातली. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेची चर्चा येथे प्रस्तुत नाही. पण चीनबाहेर टिकटॉकचा सर्वांत मोठा प्रेक्षकवर्ग भारतात होता, आणि खेड्यापाड्यांतील ज्या मुलामुलींनी तेथे लाखोंचा चाहतावर्ग जमविला होता, त्यांना तो उचलून दुसरीकडे नेता आला नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेझॉनने अमेरिकेत वस्तूंची शिफारस करणाऱ्यांचे कमिशन कमी केले. फर्निचरवरील दर ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आला. ज्यांचे घर त्या आठ टक्क्यांवर चालत होते, त्यांचे मत कोणी विचारले नाही.

कायद्याचा हात अशा कामगारांपर्यंत आताशा पोहोचू लागला आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गिग’ आणि ‘प्लॅटफॉर्म’ कामगारांची व्याख्या प्रथमच करण्यात आली, आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. काम मिळवून देणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या सुरक्षा निधीत भरावी, अशी तीत तरतूद आहे. मात्र काम मिळेलच, ही हमी कोणताही कायदा देऊ शकत नाही.

या साऱ्या गर्दीत नियमाने कमावणारा एक वर्ग आहे. तो म्हणजे कमाई कशी करावी हे शिकविणारांचा. त्यांतील काही प्रामाणिक असतात. परंतु शिकविण्याची फी हीच ज्याची मुख्य मिळकत, त्याच्या स्वतःच्या यशाचे उदाहरण विद्यार्थ्याला उपयोगी पडावयाचे कसे? याच्या पलीकडे उघड लबाडीचा प्रांत सुरू होतो. मुंबईकरांना २०११ सालचे ‘स्पीक एशिया’ प्रकरण आठवत असेल. ११,००० रुपये भरून सभासद व्हावयाचे, इंटरनेटवर पाहण्या भरावयाच्या आणि दर आठवड्याला पैसे मिळवावयाचे, अशी ती योजना होती. देशभर लाखो कुटुंबे तीत अडकली आणि मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे तपास गेला. अलीकडचे रूप याहून चतुर आहे. फोनवर संदेश येतो, काही चित्रफितींना ‘लाइक’ करावयास सांगतात, शे-दोनशे रुपये खरोखरच खात्यात जमा होतात. मग मोठ्या कामासाठी अनामत मागतात, आणि शेवटी आपणच कमावलेले पैसे सोडविण्यासाठी आणखी पैसे भरा म्हणतात. अशा वेळी लाजेने गप्प बसण्यापेक्षा १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा. जितक्या लवकर कळवावे, तितकी रक्कम वाटेतच अडविली जाण्याची शक्यता अधिक असते.

मग इंटरनेटवर कोणाचा जम बसतो? आमच्या पाहण्यात आले ते असे की, ज्यांचे गिऱ्हाईक इंटरनेटच्या आधीपासून होते, त्यांना इंटरनेट फळले. वीस विद्यार्थ्यांची शिकवणी घेणाऱ्या शिक्षिकेने दुसऱ्या गावचे आठ विद्यार्थी पडद्यावरून जोडले. येवल्याचा विणकर पैठणीचे फोटो जुन्या गिऱ्हाइकांना पाठवितो आणि त्यांच्या नातेवाइकांकडून मागणी येते. येथे इंटरनेट हे दुकान नसून दुकानाकडे येणारा रस्ता आहे, आणि तिसऱ्या प्रतीच्या फडाला वाचविणारे ते जुने कुंपण, ओळखीचे आणि आवडीचे, येथे पुन्हा उभे राहते.

दुसरी एक गोष्ट मात्र अजून व्हावयाची आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास सुरुवात केली. त्यातून लिज्जत पापडाचा श्री महिला गृह उद्योग उभा राहिला. त्या स्त्रियाही घरबसल्याच काम करीत होत्या. परंतु त्या एकमेकींविरुद्ध भाव पाडीत बसल्या नाहीत. लाटणाऱ्या भगिनीच संस्थेच्या मालक झाल्या, विक्री एकत्र झाली आणि लाटणावळ ठरलेली राहिली. इंटरनेटवरील भाषांतरकारांनी किंवा टंकलेखकांनी असा आपला नाका आपणच का काढू नये, हे आम्हाला समजत नाही. विद्युत्‌वेगाने निरोप पोहोचविणारे साधन हाती असताना प्रत्येक जण एकटा उभा आहे.

तोवर दिवाळीचा फराळ करणाऱ्या गृहिणींचा हिशेब पाहण्यासारखा आहे. पुण्या-डोंबिवलीकडच्या कित्येक जणी आता परदेशी राहणाऱ्या मुलाबाळांसाठी फराळ पाठवितात. नवरात्रातच फोनवर मागण्या घ्यावयाच्या, पैसे आगाऊ घ्यावयाचे, चकली मोडू नये म्हणून पुठ्ठ्याच्या डब्यात कागद भरावयाचा, आणि पार्सल पोहोचावयास लागणारे दिवस मोजून लाडू वळावयास बसावयाचे. न्यू जर्सीतील मुलाला जगातील सर्वांत स्वस्त चकली नको असते, त्याला शेजारच्या काकूंच्या हातची हवी असते, म्हणून दरात घासाघीस होत नाही. दिवाळी संपली की या बाया भाजणी आणि मेतकूट करून गावातल्याच दुकानांत देतात.